पेडल गेलं, घाट तिथेच आहे

भाचेराव, वयाची 20 पूर्ण झाली, हलक्या गाडीच्या लायसनलाही वर्ष झालं, म्हणजे आता ट्रक शिकायला कायद्याची आडकाठी नाही. तुझी आई सांगत होती, ऑटो गिअरच्या गाडीवर बसायचं म्हणतोस. बस की! फक्त एवढं ध्यानात ठेव, की त्या गाडीतून क्लचचं पेडल गेलंय, क्लच प्लेट आत आहेच. ती दाबायचं काम पायाऐवजी कॉम्प्युटर करतो. त्याला भार कळतो, वेग कळतो. वळणापलीकडे बंद पडलेला टँकर त्याला कळत नाही, तो तुलाच कळायला हवा.

1. जमलं तर आधी साध्या गिअरवर हात बसव, मग ऑटोवर जा — इंजिन कधी रडतंय आणि कधी उगाच ओरडतंय, हे कानाला तिथेच कळतं. पाय विसरतो, कान विसरत नाही.

2. सरकारमान्य केंद्रातला अवजड वाहनाचा कोर्स 6 आठवड्यांत 38 तासांचा असतो. नाव घालण्याआधी विचार, शिकवायला गाडी कुठल्या गिअरची आहे — शिकलास एकीवर आणि नोकरी लागली दुसरीवर, तर पहिला महिना जड जातो.

3. साध्या गिअरवरून ऑटोवर आलास की सुरुवातीचे दिवस डावा पाय मागे, सीटजवळ ओढून ठेव — तो सवयीनं क्लच शोधतो आणि सापडतो त्याला ब्रेक.

4. सकाळी टाकीत हवा पुरती भरू दे, मग गिअर घाल — ब्रेक तर हवेवर आहेतच, पण बऱ्याच ऑटो गाड्यांचा क्लच आणि गिअरसुद्धा हवेवरच चालतो.

5. चढावर थांबलास तर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नकोस, हँडब्रेक लाव — तोलून धरताना आत क्लच प्लेट घासत असते. चढावर मागे न घसरू देणारी सोय गाडीत असली, तरी ती काही सेकंदांपुरतीच.

6. न्हावा शेवाच्या रांगेत वीतभर जागा झाली की पुढे सरकू नकोस. गाडीभर मोकळं होऊ दे, मग एकदाच सुटून जा — घाई करून नंबर आधी लागत नाही, प्लेट मात्र आधी जाते.

7. आता घाट. इथे जरा निवांत ऐक. कसारा असो की खंडाळा, उतार लागण्याआधी सपाटीवरच वेग उतरव, ऑटोवरून मॅन्युअलवर ये, खालचा गिअर घाल आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू कर — एकदा गाडी पळत सुटली, की इंजिन वाचवायला कॉम्प्युटर खालचा गिअर घेऊच देत नाही. ज्या गिअरनं चढलास त्याच गिअरनं उतर, असं जुने ड्रायव्हर सांगतात. पण नव्या ताकदीच्या गाड्या वरच्या गिअरवरही चढून जातात, म्हणून तू उतरताना त्याच्याही खालचा धर. पायाचा ब्रेक घासत ठेवू नकोस. वेग वाढला की नीट दाब, उतरव, सोड — सतत घासला की ड्रम तापतो, लायनर पकड सोडतं, आणि मग पेडल कितीही दाबलंस तरी गाडी ऐकत नाही. चाकाकडून जळका वास आला तर मोकळी जागा बघून थांब आणि ड्रम आपोआप निवू दे. पाणी ओतू नकोस — तापलेल्या ड्रमला तडा जातो.

8. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायला कुणी शिकवलं तर त्याला चहा पाज, पण ऐकू नकोस — गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आताच्या इंजिनात डिझेल जाणंच बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. वर एक्झॉस्ट ब्रेकही गेला. गिअरमध्ये घाट आपला, न्यूट्रलमध्ये देवाचा.

9. ओव्हरटेक करताना पुढे हात राखून जागा बघ — गिअर बदलताना क्षणभर गाडीचा जोर तुटतो, आणि भरल्या गाडीला तो क्षण फार लांब वाटतो.

10. उभी करताना हँडब्रेक लाव आणि चाकाला ठोकळाही दे — साधी गाडी गिअरमध्ये अडकवून ठेवता येते, ऑटोची इंजिन बंद केल्यावर बहुधा न्यूट्रललाच येते.

11. मालकानं कधी जुन्या गाडीवर पाठवलं तर तोंड पाडू नकोस. गिअर खरखरला तर दोनदा क्लच दाब: एकदा न्यूट्रलला येताना, मग अ‍ॅक्सिलरेटरचा हलका झटका देऊन खालचा गिअर घालताना — आतल्या चक्रांचा वेग जुळला की गिअर बिनआवाज बसतो.

आणखी काही अडलं तर फोन कर. घाट उतरून, गाडी बाजूला लावून मगच.