जर आणि तर : अनुमानाचे नियम



गेल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. एका सभासदाने अंक मिळत नसल्याचे सांगितले. आमचा नियम असा की, वर्गणी थकली तर अंक मिळत नाही. आम्ही चटकन बोलून गेलो, "मग तुमची वर्गणी थकली असेल." गृहस्थ काही न बोलता निघून गेले. नंतर वही उघडली तर वर्गणी जमा होती. त्यांनी घर बदलले होते व अंक जुन्या पत्त्यावर जात होता. आम्ही घरी जाऊन त्यांची माफी मागितली. आमचे कोठे चुकले, ते या पाठात पाहू.

"जर अ, तर ब" हे विधान खरे धरले, तर त्यावरून दोन प्रकारे पुढे जाता येते.

१) अ खरे आहे, म्हणून ब खरे. (वर्गणी थकली, म्हणून अंक मिळणार नाही.) यास मोडस पोनेन्स म्हणतात.

२) ब खोटे आहे; म्हणून अ खोटे. (अंक मिळतो, म्हणून वर्गणी थकलेली नाही.) हा मोडस टोलेन्स.

परंतु "ब खरे, म्हणून अ खरे" हा नियम नव्हे. आम्ही नेमके हेच केले. विधान खरे असले तरी त्याचा व्यत्यास खरा असेलच असे नाही. न्यायशास्त्रातले जुने उदाहरण पाहा : जेथे धूर तेथे अग्नी. पण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो.

तिसरी रीत अप्रत्यक्ष सिद्धतेची. जे सिद्ध करावयाचे, त्याच्या उलट धरून चालायचे व विसंगती दाखवायची. मूळ संख्या अनंत आहेत, ही सिद्धता युक्लिडच्या इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या ग्रंथात आहे. आज ती बहुधा अशी मांडतात :

समजा, मूळ संख्या मोजक्याच आहेत. त्या सर्वांचा गुणाकार करून त्यात १ मिळवू. या संख्येला यादीतील कोणत्याही मूळ संख्येने भागले तर बाकी १ उरते. पण १ हून मोठ्या प्रत्येक संख्येला कोणती तरी मूळ संख्या भागतेच. म्हणजे ती यादीबाहेरची. आणि यादी तर पूर्ण धरली होती! ही विसंगती. म्हणून आपले गृहीत खोटे.

मात्र नवी संख्या स्वतः मूळ असेलच असे नाही. २×३×५×७×११×१३ + १ = ३००३१, आणि ३००३१ = ५९×५०९. येथे ५९ व ५०९ या दोन्ही यादीबाहेरच्या आहेत.

अनुमानाचे नियम आपणांस नवे नाहीत. रब्बी इश्माएल यांचे तेरा नियम सकाळच्या प्रार्थनेत आपण वाचतोच. शाळेत "पक्ष, साध्य, सिद्धता" लिहिलेल्या आजीआजोबांनी नातवंडांच्या हिब्रू वहीला बिचकू नये. शब्द निराळे, वाट तीच.

आता घरी मुलांना विचारा : शब्बाथ असेल तर अमुक दुकान बंद असते. दुकान बंद आहे; आज शब्बाथ आहे काय? दुकान उघडे आहे. मग काय म्हणाल?