तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका

प्रश्न : तलासरीत घरामागे काकडी, कारली लावलीत. फुलं भरपूर, पण फळ धरत नाही. मधमाश्यांसाठी कोणती फुलझाडं लावू?

उत्तर : आधी वेल नीट पाहा. सुरुवातीला नरफुलंच जास्त येतात. मादीफुलामागे इवलंसं फळ दिसतं. ही मादीफुलंही गळत असतील, तर मधमाश्या कमी पडताहेत. तुळशीला मंजिऱ्या राहू द्या, सातेरी माश्या त्यांवर हमखास येतात. कोथिंबिरीची चार रोपं फुलावर जाऊ द्या. पावसाळ्यात बांधावर खुरासणी पेरा. झेंडू एकेरी पाकळ्यांचाच घ्या. टपोरा गोंडा देव्हाऱ्यात शोभतो, माशीच्या हाती फारसं लागत नाही. (दुधीची गोष्ट निराळी : तो संध्याकाळी उमलतो, त्याचं गिऱ्हाईक पतंग.) आणि शेजारच्या चिकूवाडीत फवारणी होत असेल, तर ती सूर्यास्तानंतर करायला सांगा.