'ग्रास' म्हणजे फक्त गवत नव्हे!
(कट्ट्यावरचे इंग्रजी : मुलांनी आणि पालकांनी एकत्र वाचायचा पाठ)



मराठीच्या वर्गात इंग्रजी शब्दांचा पाठ कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आधी सांगते.

आपल्या वर्गातला एक मुलगा काही दिवस शाळेतून अगदी गप्प होऊन घरी येत असे. मोठी मुले त्याचे खाऊचे पैसे काढून घेत होती. आईने खोदून खोदून विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मी सांगितलं तर सगळे मला ग्रास म्हणतील." आईला वाटले, मैदानावरच्या गवताचे काहीतरी भांडण असेल. "मग उद्यापासून गवतात खेळू नकोस," असे सांगून ती स्वयंपाकाला लागली. आई शिकलेली, इंग्रजीतून नोकरी करणारी. पण हा अर्थ आपल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत कुठून असणार!

इंग्लंडमध्ये 'ग्रास' म्हणजे चहाडखोर. त्या मुलाची पुढची गोष्ट शेवटी सांगते. आधी शब्द शिकू या.

स्लँग म्हणजे काय?

पुस्तकातली भाषा वेगळी आणि कट्ट्यावरची वेगळी. मराठीत आपण 'परीक्षेत अपयश आले' असे लिहितो, पण मित्राला सांगतो, 'वाट लागली!' ही कट्ट्यावरची भाषा म्हणजे स्लँग. ती वाईटच असते असे नाही. ती कुठे वापरायची एवढे मात्र कळले पाहिजे.

१. भेटल्यावर

'यू ऑलराइट?' म्हणजे 'काय, कसं काय?' हा प्रकृतीचा प्रश्न नव्हे. मी इथे नवी आले तेव्हा शेजारणीने जिन्यात असे विचारले, आणि माझा चेहरा उतरलाय की काय म्हणून मी घरी येऊन आरशात पाहिले! याला उत्तर एवढेच : 'ऑलराइट, यू?'

'चिअर्स' हे पेला उंचावताना म्हणतातच, पण दुकानात किंवा बसमध्ये त्याचा अर्थ 'आभारी आहे' असा होतो. 'टा' म्हणजेही तेच.

'टी' या शब्दाला जपा. उत्तर इंग्लंडमध्ये पुष्कळ घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचे जेवण. मित्राच्या घरी 'टी'ला बोलावले असेल तर पोटभर जेवून जाऊ नका, नाहीतर यजमानीणबाईंचा हिरमोड होईल.

'पँट्स' म्हणजे इथे आतले कपडे. आपण ज्याला पँट म्हणतो तिला इथे 'ट्राउझर्स' म्हणतात. शिवाय एखादी गोष्ट 'पँट्स' आहे म्हणजे ती अगदी टाकाऊ आहे.

२. पैसे

क्विड : एक पौंड. अनेकवचनातही क्विडच. 'टेन क्विड' म्हणायचे, 'टेन क्विड्स' नाही.
फायव्हर, टेनर : पाच आणि दहा पौंडांची नोट.
ग्रँड : एक हजार पौंड.
स्किंट : खिशात दमडी नसलेला, कफल्लक.
बॉब : जुना शिलिंग. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी इथे दशमान चलन लागू झाले. त्याआधी २० शिलिंगांचा एक पौंड होई. शेजारचे आजोबा अजूनही 'बॉब' म्हणत असतील तर त्यांना जुना हिशेब विचारा, ते आनंदाने सांगतील.

३. शाळेत

स्वॉट : पुस्तकातला किडा, घोकंपट्टी करणारा.
स्काइव्ह : दांडी मारणे.
निक : ढापणे. 'ही निक्ड माय पेन' म्हणजे 'त्याने माझे पेन ढापले'.
चीकी : आगाऊ, पण थोड्या कौतुकानेही म्हणतात.
डॉजी : ज्यात काहीतरी काळेबेरे आहे असे.
नॅकर्ड : दमून गळून गेलेला. म्हातारे, थकलेले घोडे विकत घेणाऱ्याला 'नॅकर' म्हणत, त्यावरून हा शब्द आला. शिक्षकांसमोर मात्र 'टायर्ड' म्हणा.
गटेड : फार मोठी निराशा झालेला.
गॉबस्मॅक्ड : आश्चर्याने आ वासलेला. 'गॉब' म्हणजे तोंड. आपणही तोंडात बोट घालतोच की!
इनिट : वाक्याच्या शेवटी येते. आपल्या 'ना'सारखेच. 'थंडी आहे ना?' म्हणजे 'इट्स कोल्ड, इनिट?'

४. उलटे अर्थ

आता आजी-आजोबांनी विशेष लक्ष द्यावे. नातू म्हणाला की, 'आजी, तुझी पुरणपोळी सिक आहे!' तर घाबरू नका. 'सिक' म्हणजे आजारी, पण मुलांच्या तोंडी त्याचा अर्थ 'झकास' होतो. यांच्या आईवडिलांच्या लहानपणी याच अर्थाने 'विकेड' म्हणत, आणि त्याचा मूळ अर्थ 'दुष्ट'!

यात नवल काही नाही. 'नाटक भयंकर आवडले' असे आपणही म्हणतोच. 'काय खतरनाक बॅटिंग केली!' ही शाबासकीच असते.

५. यमकाची गंमत

लंडनच्या ईस्ट एंड भागात एकोणिसाव्या शतकात एक गमतीची बोली तयार झाली. जॉन कॅम्डेन हॉटन याने १८५९ साली काढलेल्या स्लँगच्या कोशातही तिची नोंद आहे. हिची रीत अशी : मूळ शब्दाशी यमक जुळणारी जोडी घ्यायची, आणि पुष्कळदा यमकाचा शब्दच गाळून टाकायचा. मग ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

'लुक' म्हणजे पाहणे. त्याला यमक 'बुचर्स हुक'. त्यातला 'हुक' गाळला. म्हणून 'हॅव अ बुचर्स' म्हणजे 'जरा बघ'.
'हेड'ला यमक 'लोफ ऑफ ब्रेड'. म्हणून 'यूज युवर लोफ' म्हणजे 'डोके चालव'.
'लाइज'ला यमक 'पोर्क पाइज'. म्हणून 'पोर्कीज' म्हणजे थापा.
'करी'ला यमक 'रूबी मरी'. ही बेलफास्टची गायिका १९५५ साली फार गाजली होती. म्हणून 'रूबी' खायला जाणे म्हणजे करी खायला जाणे!

आपला 'ग्रास'सुद्धा इथलाच असावा असे मानतात. पोलिसाला 'कॉपर' म्हणत, त्याला यमक 'ग्रासहॉपर', म्हणजे नाकतोडा. त्यावरून पोलिसांना बातमी देणारा तो 'ग्रास'.

६. आपल्याकडून आलेले

हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या शिपायांनी आणि साहेबांनी परत जाताना आपले शब्दही बरोबर नेले. 'पका' म्हणजे आपला पक्का. 'डेको' म्हणजे देखो. 'कुशी' नोकरी म्हणजे खुशीची, आरामाची. 'चिट' ही आपली चिठ्ठी आणि 'लूट' तर लूटच. शिपाई आपल्या देशाला 'ब्लायटी' म्हणत, तो शब्द 'विलायती'वरून आला.

सगळ्यांत गमतीचा शब्द 'डुलॅली', म्हणजे डोके फिरलेला. हे आहे आपले नाशिकजवळचे देवळाली! मुदत संपलेले शिपाई तिथल्या छावणीत मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची वाट पाहत पडून राहत. महिनोन्‌महिने काम नाही, वर उन्हाळा. काहींचे खरोखरच डोके फिरे. म्हणून पूर्वी 'डुलॅली टॅप' असे म्हणत. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. शाळेत कोणी 'डुलॅली' म्हणाले, तर हे त्यांना जरूर सांगा.

आता त्या मुलाची गोष्ट

पुढच्या रविवारी आईने मला सहज विचारले, "बाई, हा सारखा गवताचं काय म्हणतो हो?" मी अर्थ सांगितला, तशी तिच्या डोळ्यांत पाणी आले. त्या रात्री ती मुलाजवळ बसली आणि म्हणाली, "दुसऱ्याला अडचणीत आणण्यासाठी सांगतात ती चहाडी. स्वतःला किंवा दुसऱ्याला अडचणीतून सोडवण्यासाठी सांगतात ती चहाडी नव्हे." मग मुलाने सगळे सांगितले. आईवडील शाळेत जाऊन शिक्षकांना भेटले आणि तो त्रास थांबला. मुलाला मदत हवी होती. एका शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे ती आठवडाभर उशिरा मिळाली.

म्हणून पालकहो, मुलांच्या तोंडी नवा शब्द आला की लगेच रागावू नका, हसूही नका. "याचा अर्थ काय रे?" असे विचारा. आणि मुलांनो, आईबाबांना अर्थ कळला नाही तर 'तुम्हाला काहीच कळत नाही' असे म्हणू नका. तुम्हालाही 'काळेबेरे' आणि 'हिरमोड' हे शब्द विचारावे लागतातच की नाही?

गृहपाठ

१. 'स्किंट', 'नॅकर्ड' आणि 'गॉबस्मॅक्ड' यांसाठी प्रत्येकी एक मराठी शब्द किंवा वाक्प्रचार शोधा आणि वाक्यात वापरा.
२. 'डोके चालव', 'दांडी मारणे' आणि 'ढापणे' यांना इथल्या बोलीत काय म्हणतात?
३. शाळेत ऐकलेला एक शब्द आईबाबांना शिकवा आणि त्यांच्या कॉलेजच्या कट्ट्यावरचा एक शब्द त्यांच्याकडून शिका. दोन्ही वहीत लिहून पुढच्या रविवारी आणा.
४. चहाडी करणे आणि मदत मागणे यांत फरक काय, ते पाच ओळींत लिहा. हा प्रश्न सर्वांनी सोडवायचा आहे.