रग्बीच्या संघाची कर्णधार

सन 2025 च्या नोव्हेंबर महिन्याची दुसरी तारीख नवी मुंबईकरांच्या स्मरणात चिरकाल राहील. त्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौर हिच्या संघाने दक्षिण आफ्रिकेस 52 धावांनी हरवून महिलांचा क्रिकेट विश्वचषक जिंकला. मैदानात पाय ठेवावयास जागा नव्हती. त्यानंतर वर्गात आम्ही सहज विचारले, की राष्ट्राच्या संघाचे कर्णधार म्हणून तुम्हांस कोणाकोणाची नावे ठाऊक आहेत? क्रिकेटची नावे भराभर आली, कबड्डीची दोन-तीन, हॉकीचे एक. रग्बीचे एकही आले नाही. एका विद्यार्थ्याने तर हा खेळ भारतात खेळतात काय, अशीच शंका काढली. ती शंका दूर करावी व आपल्या पुण्याच्या एका कर्णधार मुलीची ओळख वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम खेळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. रग्बीचा चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा असतो. तो जमिनीवर पडला म्हणजे कोणीकडे उसळेल याचा नेम नाही. संघात पंधरा खेळाडू असतात आणि सामना 80 मिनिटे चालतो. सात-सात खेळाडूंचा आखूड प्रकारही आहे व 2016 सालापासून तो ऑलिंपिकमध्ये खेळला जातो. चेंडू हातात धरून पळता येते, परंतु हाताने तो पुढे फेकता येत नाही. सोबत्याकडे द्यावयाचा तर बाजूस किंवा मागेच दिला पाहिजे. पुढे जाण्यासाठी मागे पाहावे लागते, असा हा चमत्कारिक खेळ आहे. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकविला म्हणजे पाच गुण. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून धाडला तर आणखी दोन. प्रतिपक्षाने गंभीर नियमभंग केला आणि दंड म्हणून मिळालेल्या लाथेने तोच नेम साधला तर तीन. हे तीन गुण वाचकांनी ध्यानात ठेवावेत; पुढे त्यांचे काम पडणार आहे.

चेंडू घेऊन पळणाऱ्यास पकडून खाली पाडणे हा या खेळाचा प्राण होय. आमच्या आगरी-कोळी गावांतील मुलांना यात नवे काही वाटणार नाही. चढाईवर आलेल्याची कंबर किंवा घोटा धरून त्यास आडवे करणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. मात्र पालकांच्या माहितीसाठी सांगतो, की रग्बीत खांद्याच्या वर पकड करणे हा मोठा अपराध आहे, आणि हातांनी न कवटाळता नुसता खांदा मारणे हाही गुन्हाच. धसमुसळेपणास येथे मोकळीक आहे, ही समजूत चुकीची आहे.

हा खेळ आपल्या देशास नवा नाही. कलकत्त्यास 1872 सालच्या नाताळच्या दिवशी इंग्रजांनी सामना खेळल्याची नोंद आहे. पुढे तेथील क्लबाचे सभासद पांगले (मोफत मद्य बंद झाल्यामुळे पांगले असे सांगतात, पण शाळेच्या अंकात ती कथा नको), तेव्हा 1878 साली क्लबाने पेढीतील शिल्लक चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविला. त्याच्या मुठी नागांच्या असून झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड व स्कॉटलंड हे देश 1879 पासून आजतागायत त्या कलकत्ता चषकासाठी झुंजत आहेत. चांदी आपली, कारागिरी आपली. मात्र खेळ गोऱ्या साहेबांचा! मुंबईत 1875 साली स्थापन झालेले बॉम्बे जिमखाना हे या खेळाचे जुने माहेरघर, पण तेही आरंभी युरोपियनांपुरतेच होते. भारताच्या पुरुष संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो 1998 साली, म्हणजे कलकत्त्याच्या त्या सामन्यानंतर सव्वाशे वर्षांनी. मुलींचा राष्ट्रीय संघ उभा राहावयास त्यानंतरही सुमारे एक तप जावे लागले.

त्या मुलींच्या संघाच्या बाळपणापासून त्यात खेळलेली, पुण्याची वाहबिझ भरुचा ही आमच्या लेखाची नायिका होय. तिने या खेळात पाऊल टाकले तेव्हा तिच्यापुढे कोणाचाही कित्ता नव्हता. सचिनची फटकेबाजी पाहून बॅट हाती घेणारी मुले लाखो आहेत. वाहबिझला मात्र जिच्याकडे पाहून शिकावे अशी एकही भारतीय रग्बीपटू डोळ्यांपुढे नव्हती. आरंभीची वर्षे सात जणींच्या खेळात गेली. पंधरा जणींचा संघ ही निराळीच गोष्ट. त्यात आडदांड, चपळ, उंच, ठेंगण्या अशा सर्व तऱ्हेच्या खेळाडू लागतात, आणि त्या सर्वांनी एका श्वासाने हालचाल करावी लागते. भारतीय महिलांचा असा संघ 2018 साली सिंगापुरास प्रथम आंतरराष्ट्रीय सामने खेळला. एकही जिंकला नाही.

पुढील वर्षी, 2019 च्या जून महिन्यात, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या दुय्यम गटासाठी संघ फिलिपाइन्सची राजधानी मनिला येथे गेला. कर्णधार वाहबिझ भरुचा. तिच्या हाताखालील मुली पाहा : ओडिशातील आदिवासी पाड्यांतून भुवनेश्वरच्या निवासी संस्थेत शिकावयास आलेल्या, बिहारमधील गंगाकाठच्या बाढ गावची स्वीटी कुमारी, शिवाय महाराष्ट्रासारख्या प्रांतांतील शहरी मुली. एकीची मातृभाषा दुसरीस कळत नाही, एकीच्या ताटातील अन्न दुसरीने पूर्वी पाहिलेले नाही. अशा मुलींना एका ओळीत उभे करणे हे कर्णधाराचे पहिले काम. आणि आमच्या मते तेच सर्वांत कठीण.

मनिलातही आरंभ पराभवाने झाला. राहिला होता सिंगापूरचा सामना. आदल्या वर्षी ज्यांच्या घरी जाऊन आपण हरलो होतो तेच हे प्रतिस्पर्धी. सामना अगदी अटीतटीचा झाला. अखेरची काही मिनिटे उरली असता भारत 18, सिंगापूर 19 अशी स्थिती होती, आणि त्याच वेळी भारतास दंडाची लाथ मिळाली.

येथे कर्णधारपद म्हणजे काय हे नीट समजून घ्यावे. रग्बीत पंचाशी बोलण्याचा मान कर्णधाराचा, इतरांनी तोंड उघडू नये असा रिवाज आहे. दंड मिळाला म्हणजे खांबांवर नेम धरावयाचा, चेंडू बाजूच्या रेषेबाहेर मारून पुढे सरकावयाचे, की पुन्हा झोंबी घेऊन पाच गुणांसाठी धडक मारावयाची, हे ठरवून पंचास सांगणेही कर्णधाराकडेच असते. विचारास वेळ थोडा. नेम धरावा व चुकावा, तर सामना बहुधा हातचा गेला. शिवाय लाथ मारणार दुसरीच. कर्णधाराने फक्त तिच्यावर विश्वास टाकून मागे उभे राहावयाचे. त्या दिवशी चेंडूपाशी उभी राहिली ती ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातील सुमित्रा नायक. तिचा नेम लागला. भारत 21, सिंगापूर 19.

तरीही काम संपले नव्हते, कारण गुण मिळविल्यावर खेळ पुन्हा मध्यरेषेवरून सुरू होतो. उरलेला वेळ मुलींनी रेटून धरला. पंधरा जणींच्या रग्बीत भारतीय महिलांचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय होय. त्याने कांस्यपदक मिळाले. मैदानावर मुलींनी अश्रू ढाळले. नेरूळच्या रात्रीसारखी आतषबाजी मात्र कोठे झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आपल्यापैकी किती जणांनी ती बातमी वाचली असेल?

आता पालकवर्गाच्या मनातील प्रश्नाकडे वळू. ‘यात पोट भरते काय?’ हा प्रश्न आम्ही क्षुद्र मानीत नाही. सरळ उत्तर असे, की केवळ रग्बीवर चरितार्थ चालविणे या देशात आजवर फार थोड्यांस साधले आहे, आणि मुलींस तर विशेष कठीण. 2025 च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात परदेशी खेळाडूंसह मोठी व्यावसायिक स्पर्धा भरली, पण ती पुरुषांची. वाहबिझने भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे शिक्षण घेतले. खेळाडूचा गुडघा का निखळतो, खांदा कसा सांधतो, हे ज्या हातांस कळते तेच हात राष्ट्राच्या संघासाठी चेंडू धरीत होते. अभ्यास की खेळ, असा जो वाद आमच्या शाळेच्या पालकसभेत दर वर्षी रंगतो, त्यात या उदाहरणाचा विचार व्हावा असे आम्हांस वाटते. दोन्ही साधणे सोपे आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्यासाठी पहाटे उठावे लागते, आणि घरच्यांनाही तिच्याबरोबर उठावे लागते.

या वर्षी शाळेने दोन लांबट चेंडू घेतले आहेत. ते व्यायामशिक्षकांच्या कपाटात असून शनिवारी शाळा सुटल्यावर मिळतील. इयत्ता आठवीच्या सात मुलींनी आतापर्यंत नावे दिली आहेत. पंधरा होण्यास आठ कमी आहेत.