विश्रांति आणि वचन

परीक्षेपूर्वीं अभ्यास करून थकलेला विद्यार्थी 'आज पुस्तक उघडणार नाहीं' असें म्हणूं लागला, तर त्यास आळशी म्हणावें कीं शहाणा? हा प्रश्न विद्यार्थीही विचारतात व त्यांचे पालकही विचारतात. नुसता उपदेश करण्यापेक्षां एक खरी हकीकत सांगून त्याचें उत्तर द्यावें असें आम्हांस वाटतें. ही हकीकत अमेरिकेंतील गोल्फपटू टायगर वुड्स याची असून सन १९९६ मधील आहे.

गोल्फ हा खेळ आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलेला नसेल, म्हणून प्रथम त्याची थोडी माहिती देतों. विस्तीर्ण हिरवळीवर अठरा ठिकाणीं लहान भोकें केलेलीं असतात. काठीनें चेंडू टोलवीत तो एकेका भोकांत घालावयाचा, व सर्व मिळून जो कमींत कमी टोले घेईल तो विजयी. मोठा सामना बहुधा गुरुवारीं सुरू होऊन रविवारीं संपतो. म्हणजे चार दिवसांत बहात्तर भोकें होतात. पहिल्या दोन दिवसांनंतर मागें पडलेल्यांस गाळतात, व अशा गाळलेल्या धंदेवाईक खेळाडूस बहुधा बक्षिसाचा वांटा मिळत नाहीं. त्यास ठराविक पगारही नसतो. सोमवार उजाडला कीं दुसऱ्या गांवीं जावें, नवें मैदान पाहावें, आणि पुन्हां गुरुवारीं उभें राहावें, असा त्याचा क्रम असतो. म्हणून एक आठवडा न खेळणें म्हणजे त्या आठवड्याच्या मिळकतीवर पाणी सोडणें होय. नांवाजलेल्या खेळाडूस हें परवडतें. नवख्यास परवडत नाहीं, कारण पुढील वर्षाची त्याची जागाच पक्की झालेली नसते.

वुड्स त्या वेळीं वीस वर्षांचा होता. २५ ऑगस्ट १९९६ रोजीं त्यानें हौशी खेळाडूंचें राष्ट्रीय अजिंक्यपद लागोपाठ तिसऱ्यांदा मिळविलें. तो अंतिम सामना छत्तीस भोकांचा होता. परंतु बरोबरी झाल्यामुळें अडतिसाव्या भोकास निकाल लागला. त्यानंतर स्टॅन्फर्ड विद्यापीठ सोडून त्याच आठवड्यांत तो धंदेवाईक झाला. वर्ष सरत आलें होतें. एखादा सामना जिंकला, अथवा मिळकतीच्या यादींत पहिल्या सव्वाशांत नांव आलें, तरच पुढील वर्षीं चांचणी परीक्षा दिल्यावांचून त्यास खेळतां येणार होतें. सात सामन्यांच्या चालकांनीं त्यास आपण होऊन निमंत्रणें दिलीं होतीं. पहिल्या सामन्यांत, मिल्वॉकी येथें, तो साठावा आला. कॅनडांत अकरावा, तिसऱ्या सामन्यांत पांचवा व चौथ्यांत तिसरा. असे चार आठवडे विसांव्यावांचून गेले.

पांचवा सामना जॉर्जिया संस्थानांत होता. त्याच आठवड्यांत तेथें विद्यापीठीय खेळाडूंतील सर्वोत्तम म्हणून वुड्सला मानाचें पारितोषिक देण्याचा समारंभ व भोजन ठरलें होतें, आणि सुमारें दोनशें पाहुणे निमंत्रित होते. परंतु सामन्याच्या आदल्या दिवशीं 'मी अगदीं थकलों आहें' असें कळवून वुड्स घरीं निघून गेला. समारंभ रद्द करावा लागला. वृत्तपत्रांनीं टीका केली व जुन्या नामांकित खेळाडूंनींही नापसंती दर्शविली.

एक आठवडा विसांवा घेऊन तो लास व्हेगास येथील सामन्यास उतरला. तेथें पांच दिवस, नव्वद भोकें खेळावयाचीं होतीं. पहिल्या दिवशीं त्यास सत्तर टोले लागले. शेवटच्या दिवशीं चौसष्टच लागले. एकूण ३३२ टोल्यांवर डेव्हिस लव्ह याच्याशीं त्याची बरोबरी झाली, आणि जादा भोकावर वुड्स विजयी झाला. हा त्याचा धंदेवाईक खेळांतील पहिला विजय, ६ ऑक्टोबर १९९६ चा. पुढील वर्षाची काळजी त्याच दिवशीं मिटली. दोन आठवड्यांनीं फ्लोरिडांत त्यानें दुसराही सामना जिंकला.

तेव्हां विसांवा घेतला हें योग्यच झालें असें कोणी म्हणेल. परंतु येथें घाई करूं नये. शरीर थकलें असतां खेळावयाचें नाहीं, यांत कांहीं गैर नव्हतें. चूक झाली ती निराळ्याच ठिकाणीं. भोजनसमारंभास थांबण्यास टोले मारण्याची शक्ति लागत नव्हती. एक संध्याकाळ पुरे होती. विश्रांति त्याची स्वतःची होती, पण ती संध्याकाळ त्यानें दुसऱ्यांस दिलेली होती. वुड्सनें पुढें ही चूक जाहीरपणें कबूल केली. त्याच वर्षीं तो समारंभ पुन्हां ठरला, तेव्हां त्यानें तेथें हजर राहून क्षमा मागितली. आमच्या मतें त्या विजयाइतकेंच हेंही मोलाचें आहे.

ही हकीकत वाचतांना आम्हांस आमचीच एक चूक आठवते. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका हुशार मुलानें परीक्षा जवळ आली म्हणून स्नेहसंमेलनाच्या नाटकांतील आपलें काम आदल्या दिवशीं टाकून दिलें. आम्हीं त्यास 'आळशी' म्हणून रागें भरलों. तो आळशी नव्हता. खरोखरच थकला होता. त्याच्यावांचून अडून बसलेल्या अकरा सोबत्यांविषयीं मात्र आम्हीं अवाक्षर काढलें नाहीं. जें बोलावयास नको होतें तें बोललों, व जें शिकवावयाचें तें राहून गेलें.

पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. पण पेरणीच्या दिवशीं त्यास गोठ्यांतही बांधून ठेवीत नाहींत. विसांव्याचा दिवस आधीं ठरवावा, हाच यांतील बोध. विद्यार्थ्यांनो, वेळापत्रकांत अभ्यासाच्या तासांबरोबर विश्रांतीचे तासही लिहून ठेवा, आणि शब्द देण्यापूर्वीं आपल्या अंगांत बळ किती आहे तें पाहा. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मूल थकलें असें म्हणालें तर एकदम आळसाचा आरोप करूं नये. तर 'आज तुझी कोणी वाट पाहत आहे काय?' एवढें अवश्य विचारावें. कोणी वाट पाहत नसेल, तर त्यास खुशाल झोपूं द्यावें.