क्योटोचा पाऊस आणि आपले बूट

जपानला जाणारी मराठी कुटुंबं बहुधा मुलांच्या सुट्टीत जातात, आणि मेची तिकिटं महाग निघाली की तारखा सरकत सरकत जूनवर येतात. आमच्याही आल्या. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात क्योटो-ओसाका भागात ‘त्सुयू’ म्हणजे तिथला पावसाळा सुरू होतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत मुक्काम ठोकतो. “आपण मुंबईचा पाऊस काढलेली माणसं, तिथल्या भुरभुरीला काय भ्यायचं?” असं निघताना नवरा म्हणाला. पावसाबद्दल त्याचं खरंच होतं. तो आपल्यासारखा कोसळत नाही. पण थांबतही नाही, आणि क्योटोत अर्धं बघायचं ते उघड्यावर, तर बरंचसं उरलेलं बूट काढून.

आम्ही चौघं : नवरा, मी, लेक आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. बेत होता किंकाकुजी, निजोचा किल्ला आणि कियोमिझुदेरा. नकाशावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात पहिलं ठिकाण शहराच्या वायव्येला आणि शेवटचं पूर्वेच्या डोंगराच्या पोटाशी.

किंकाकुजीचा सोनेरी मंडप १९५० साली एका तरुण भिक्षूने पेटवून दिला होता, आज दिसतो तो १९५५ साली उभारलेला. पण आत जाता येत नाही. तळ्याच्या कडेने बागेतून फिरायचं आणि बाहेर पडायचं. छत्रीला छत्री लागून चाललेल्या त्या रांगेत लेकीला सोनं कमी आणि पुढच्यांच्या पाठी जास्त दिसल्या. तिथून निघताना बसथांब्यावरची गर्दी बघूनच सासूबाईंनी मान हलवली. दोन बस सोडल्या तेव्हा तिसरीत पाय ठेवायला जागा मिळाली.

खरी पंचाईत निजोच्या किल्ल्यात झाली. तोकुगावा इएयासूने १६०३ साली पूर्ण करवलेल्या या किल्ल्यातल्या निनोमारू राजवाड्यात बूट काढून जावं लागतं. सासूबाईंच्या पायात नाडीचे बूट. ओली नाडी सुटेना. मी उकिडवी बसून नखांनी गाठ सोडवतेय आणि मागे लोक शांतपणे खोळंबलेत. आतली लाकडी जमीन पावलागणिक पक्ष्यासारखी चिवचिवते, त्यासाठीच ती प्रसिद्ध आहे. आमचं लक्ष मात्र लेकीच्या ओल्या मोज्यांचे ठसे त्या जुन्या फळ्यांवर उमटत होते, तिकडेच. दुसऱ्याच्या घरी चिखलाचे पाय घेऊन शिरल्यासारखं झालं.

कियोमिझुदेराकडे चढणाऱ्या सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्या पावसात गुळगुळीत होतात. उतरताना सासूबाईंचा पाय सरकला. मोडलं काही नाही, घोटा मुरगळला. त्या पायऱ्यांवर जो पडतो तो तीन वर्षांत मरतो, अशी तिथली जुनी समजूत आहे. ती मी त्यांना अजून सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशीही पाऊस होताच. दुखऱ्या पायामुळे एकच भाग धरला आणि टॅक्सीने सांजूसांगेन्दोला गेलो. सुमारे १२० मीटर लांबीचं एकच लाकडी सभागृह, सध्याची वास्तू १२६६ सालची. आत कन्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १,००१ मूर्ती. बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि आत आम्ही कोरडे, सावकाश चालत होतो. मूर्तींसोबत २८ रक्षक देवता आहेत. त्यांत ब्रह्मा, इंद्र, नारायण सगळे भेटतात. चोच आणि पंख असलेला एक वीर आडवी बासरी वाजवत उभा आहे. सासूबाई त्याच्यापुढे थबकल्या. “अगं, हा तर गरुड! पण कृष्णाची बासरी याच्याकडे कशी?” त्या काठी टेकत पुन्हा सुरुवातीपासून एकेक देव ओळखायला लागल्या. तिथे फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी नीट पाहिलं. रस्त्यापलीकडेच राष्ट्रीय संग्रहालय. संध्याकाळी छप्पर असलेला निशिकी बाजार. चौघांचे मोजेसुद्धा भिजले नाहीत अशी ती संध्याकाळ होती.

या दोन दिवसांतून कळलेलं सांगते.

बूट नाडीचे नकोत. पायात पटकन सरकवता येतील असे, पण खाली चांगली पकड असलेले घ्या. माणशी दोन कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हाताशी ठेवा, हॉटेलवरच्या बॅगेत नव्हे.

छत्री इथून न्यायची गरज नाही. पारदर्शक छत्र्या तिथल्या कोणत्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळतात. मुलांना मात्र रेनकोटच बरा, अरुंद गल्ल्यांत छत्रीच्या काड्या दुसऱ्यांच्या डोळ्यांशी येतात. दुकानांच्या दारात ओल्या छत्रीसाठी लांब पिशव्या ठेवलेल्या असतात, त्या वापरा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या नियोजनांत बसचा एक दिवसाचा पास हमखास सापडतो. तो बंद झाला आहे, आता भुयारी रेल्वे आणि बस मिळून एकत्रित पास मिळतो. पावसात शक्य तिथे भुयारी रेल्वेच धरा. निजोच्या किल्ल्याशी तिचं स्थानक आहे. चौघं असाल आणि अंतर थोडं असेल, तर टॅक्सी परवडते. तिचं मागचं दार चालक आतूनच उघडतो, ओढू नका.

बरीच मंदिरं साडेचारच्या सुमारास प्रवेश थांबवतात. मुलं बरोबर असतील तर उमेकोजीचं रेल्वे संग्रहालय छपराखालचं आहे, वाफेची इंजिनं बघताना तास कसे जातात कळत नाही. साप्ताहिक सुट्टी आधी बघून जा.

शाकाहारी असाल तर गरम सूप समोर आलं तरी विचारा. भाज्यांच्या नूडल्सच्या रश्शातही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो.

आणि मुख्य म्हणजे, पाऊस दिसला की यादीतली निम्मी नावं खोडा. उरलेली एकाच भागातली ठेवा, त्यातलं निदान एक छपराखालचं हवं. घरात वयस्कर माणूस असेल तर पायऱ्यांची ठिकाणं कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा. कोरडा दिवस आलाच नाही, तर ती सोडून द्या.