जुन्या मोटारीचे ब्रेक : निवड आणि निगा
वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते आणि गाडी थांबवताना तिची उष्णता ब्रेकच्या अस्तराला सोसावी लागते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. अशा मोटारीचे पुढचे पॅड व मागचे शू बदलताना केवळ किंमत पाहू नये. अस्तर ॲस्बेस्टॉसविरहितच घ्यावे, कारण ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते. फार कठीण पॅड बहुधा डिस्क झिजवतो, फार मऊ पॅड स्वतःच लवकर झिजतो. डावी-उजवी जोडी एकाच वेळी बदलावी; अन्यथा ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली जाण्याचा धोका असतो. शूची गोलाई ड्रमशी जुळते ना, हेही तपासावे. विम्यातून गाडीची भरपाई मिळेल, जिवाची नाही.